नावाची ठेव : अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पुनर्बांधणीचा अभ्यास

सार्वजनिक संस्थेची तिजोरी रिकामी होऊ लागली की पहिला विचार उत्पन्नाचे नवे मार्ग शोधण्याचा होतो, आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु त्या मार्गांपैकी कोणता संस्थेला तारतो आणि कोणता तिचे उरलेसुरले बळही हिरावून घेतो, हे ओळखणे विश्वस्तांच्या दृष्टीने अवघड असते. अमेरिकेतील डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेला १९९७ नंतर आपली घडी पुन्हा बसवावी लागली. तो वृत्तान्त आपल्या देणगीदारांनी, विश्वस्तांनी आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी अभ्यासावा असा आहे.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची स्थापना १८४७ साली फिलाडेल्फिया येथे झाली. त्या काळी अमेरिकेच्या बाजारात फसव्या ‘रामबाण’ औषधांचा सुळसुळाट होता. १९०५ साली संघटनेने औषधांची पारख करणारी एक तज्ज्ञ समिती नेमली. समितीच्या कसोटीस न उतरलेल्या औषधांच्या जाहिरातींना संघटनेच्या नियतकालिकात स्थान नसे. संघटनेच्या शब्दाला लोकांच्या मनात जे वजन आले, त्यामागे असे अनेक वर्षांचे कष्ट होते. १९५० च्या दशकात ही परीक्षापद्धती बंद झाली आणि जाहिरातींचे उत्पन्न वाढले. ही गोष्ट त्या वेळी फारशी कोणाला खटकली नाही.

त्या दशकात अमेरिकेतील सुमारे तीन-चतुर्थांश डॉक्टर संघटनेचे सभासद होते. १९९० च्या दशकात हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. निरनिराळ्या विशेषज्ञांच्या स्वतंत्र संघटना बळावल्या होत्या आणि तरुण डॉक्टरांना मोठी वर्गणी भरण्याचे प्रयोजन वाटेनासे झाले होते. वर्गणीचा आधार असा आक्रसत असताना, ऑगस्ट १९९७ मध्ये, घरगुती उपकरणे बनवणाऱ्या सनबीम या कंपनीशी पाच वर्षांचा करार झाल्याचे जाहीर झाले. कंपनीच्या रक्तदाबमापक, तापमापक, शेकण्याच्या गाद्या इत्यादी वस्तूंवर संघटनेचे नाव झळकणार होते आणि विक्रीच्या प्रमाणात संघटनेला मानधन मिळणार होते. स्पर्धक कंपन्यांच्या तशाच वस्तूंना मात्र हे नाव मिळणार नव्हते.

सर्वांत गंभीर बाब ही की, संघटना या वस्तूंची स्वतः कोणतीही तपासणी करणार नव्हती. घरी वृद्ध आईचा रक्तदाब मोजण्यासाठी यंत्र घेणारा मुलगा वेष्टनावरील डॉक्टरांच्या संघटनेचे नाव वाचून काय समजेल? हे यंत्र जाणकारांनी पारखले आहे, असेच तो समजणार. मिळणारा पैसा सार्वजनिक आरोग्याच्या कार्यासाठी वापरला जाईल, असे संघटनेने सांगितले होते आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. परंतु हेतू चांगला असल्याने त्या मुलाची दिशाभूल टळत नाही.

सभासदांकडून आणि वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. करार आपल्यापुढे मंजुरीसाठी आलाच नव्हता, असे विश्वस्त मंडळाचे म्हणणे पडले. दहा दिवसांच्या आतच संघटनेने शिफारशीची अट मागे घेण्याचे ठरवले. कंपनी मात्र अडून बसली आणि तिने दोन कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा ठोकला. वर्षअखेरीपर्यंत कार्यकारी प्रमुखांसह अनेक वरिष्ठ अधिकारी पायउतार झाले. १९९८ साली ९९ लाख डॉलर देऊन संघटनेने तडजोड केली. ज्या करारातून पैसा यायचा, त्यातून सुटण्यासाठीच तो मोजावा लागला.

पुनर्बांधणीस आरंभ झाला तो नियमांपासून. व्यापारी कंपन्यांशी येणाऱ्या संबंधांविषयी संघटनेने लेखी तत्त्वे स्वीकारली : संबंध लोकांच्या विश्वासाला बाधक नसावा, कंपनीचा संघटनेच्या धोरणावर प्रभाव पडू नये, उत्पादनाची अप्रत्यक्ष शिफारसही होऊ नये. तरीही जानेवारी १९९९ मध्ये नियतकालिकाच्या संपादकांना अकस्मात काढून टाकण्यात आले आणि जगभरच्या वैद्यकीय वर्तुळात पुन्हा खळबळ माजली. त्यानंतर संपादकाच्या कामाचे मूल्यमापन करण्यासाठी स्वतंत्र देखरेख समिती नेमण्यात आली. माझ्या मते ही समिती नेमणे हीच पुनर्बांधणीची सर्वांत भरीव पायरी होय. कारण प्रशासनाने येथे स्वतःच्या अधिकारावर बंधन घालून घेतले.

आपल्याकडेही हा विषय परका नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने २००८ साली एका कंपनीच्या फळांच्या रसाला व ओट्सला आपले नाव वापरू दिले, तेव्हा प्रकरण भारतीय वैद्यक परिषदेपर्यंत गेले आणि २०१० साली परिषदेने पदाधिकाऱ्यांवर कारवाई केली.

अमेरिकन संघटनेची आर्थिक स्थिती २००० नंतरच्या दशकात सावरली. याला खर्चावरील नियंत्रणाइतकेच दुसरेही कारण आहे. वैद्यकीय उपचारांना क्रमांक देणारी एक संहिता संघटनेने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केली होती. १९८३ पासून सरकारी वैद्यकीय विम्याच्या बिलांसाठी ती स्वीकारली गेली. या संहितेच्या वापराचे शुल्क आणि तत्सम हक्कांपासून मिळणारे उत्पन्न आज सभासदांच्या वर्गणीच्या अनेकपट आहे. त्यावरही टीका होते, आणि ती निराधार नाही. परंतु ही संहिता निदान संघटनेने स्वतः घडवलेली आहे. दुरावलेले सभासद मात्र पूर्वीच्या प्रमाणात परतले नाहीत. एके काळी अमेरिकेतील बहुसंख्य डॉक्टरांची असलेली ही संघटना आता त्यांच्यातील एक-तृतीयांशांचीही राहिलेली नाही.