पुरावा रॅममध्ये ठेवू नका

कशेडीच्या पायथ्याशी, हायवेला लागून आमचं स्पेअर पार्टचं दुकान. बिलिंगचं मशीन लिनक्सवर चालतं. पावसाळ्यात ते भर गर्दीत बंद पडायला लागलं. बसवून देणाऱ्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: "तुमच्या घाटात लाइटचीच बोंब, मशीन काय करणार?" अहो, इन्व्हर्टर आहे, डोक्यावर पंखा फिरतोय, हे सांगून सांगून घसा बसला. मग साहेब आले, मशीन चालू केलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवून म्हणाले, "दाखवा, कुठे आहे एरर?"

एरर दिसणार कुठून? आमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये 'व्हार'मधल्या 'लॉग'मध्ये 'जर्नल' नावाचं फोल्डर असेल तरच सिस्टिमच्या जर्नलच्या नोंदी डिस्कवर उतरतात. नसेल तर त्या 'रन'मध्ये, म्हणजे रॅममध्ये राहतात आणि मशीन बंद होताच जातात. ह्यांनी ते फोल्डर ठेवलं नव्हतं आणि डिस्क वाचवायची म्हणून, नोंदी डिस्कवर लिहिणारं आरसिसलॉगही काढून टाकलं होतं. पुरावा राहू द्यायचा नाही आणि वर आम्हालाच पुरावा मागायचा!

भाच्याने महाडहून येऊन नोंदी डिस्कवर घेतल्या. पुढच्या वेळी मशीन बंद पडलं तेव्हा आधीच्या बूटच्या नोंदी दाखवणारी 'जर्नलसीटीएल, मायनस बी, मायनस वन' ही कमांड दिली. त्यांच्या शेवटी कर्नलची ओळ होती: 'क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड, शटिंग डाउन'. झाकण उघडलं तर प्रोसेसरचा पंखा जाम. फोटो पाठवला. "पंखा बदलून देतो," एवढंच उत्तर आलं. लाइटचं नाव नाही, चुकलं म्हणणं तर दूरच.

म्हणून सांगतो:

नोंदी ठेवणाऱ्या जर्नलडीच्या कॉन्फ फाइलमध्ये 'स्टोरेज' पुढे 'पर्सिस्टंट' लिहा आणि मशीन रीस्टार्ट करा. डिस्क भरेल म्हणून कुणी घाबरवलं तर 'सिस्टिम मॅक्स यूज'ला 200 एमबीची मर्यादा घाला.

नोंदीचा शेवट वाचायला शिका. मशीन रीतसर बंद झालं असेल तर एकेक सेवा थांबल्याच्या ओळी सापडतात. लाइट गेली असेल तर नोंद मध्येच तुटते. अतिगंभीर नोंद लगेच डिस्कवर जाते, साध्या नोंदींना मात्र 5 मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढ्या हातच्या जाऊ शकतात.



आणि मशीन ताब्यात घेताना बसवणाऱ्यासमोरच एकदा रीस्टार्ट करून 'जर्नलसीटीएल'ची 'लिस्ट बूट्स' यादी बघा. आधीची बूट दिसली नाही, तर उरलेले पैसे देऊ नका.