घटक ४ : न दिसणाऱ्या वाचकासाठी लेखन

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• स्वतःच्या डिजिटल सवयींचे परीक्षण करता येईल.
• 'पाहिलेले', 'ऐकलेले' आणि 'पुढे पाठविलेले' यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• वाचक ध्यानात घेऊन लहान निवेदन लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक
अपरिचित वाचकांसाठी लिहिणे मराठीला नवे नाही. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. त्यात मराठी व इंग्रजी असे दोन स्तंभ असत. म्हणजे वाचक कोण, हा विचार त्याच्या रचनेतच होता. आज मोबाइलवर लिहिणारा प्रत्येक जण लेखक, संपादक आणि मुद्रक असतो. ही जबाबदारी कशी पेलावी, हे मालवण किनाऱ्यावरील एका विद्यार्थिनीच्या मनोगतातून पाहू.

४.३ विद्यार्थिनीचे मनोगत
१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. त्या सकाळी धक्क्यावर आदळणाऱ्या प्रचंड लाटेची एक चित्रफीत मला आली. आलेले लगेच पुढे पाठविण्याची मला सवय होती. स्थळकाळ न पाहता मी ती मुंबईच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप समूहावर पाठविली. थोड्याच वेळात वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलची रेंजही.

मुंबईच्या चाकरमान्यांनी ती लाट मालवणचीच मानली. फोन लागेना, म्हणून मामा मोटारीने गावाकडे निघाले आणि रस्त्यात झाड आडवे पडल्याने रात्रभर अडकले. दुसऱ्या दिवशी आम्हांला सुखरूप पाहून ते ओटीवर टेकले. त्यांच्या मोबाइलवर मी ती चित्रफीत पुन्हा पाहिली. मालवणच्या धक्क्यावरून समोर दिसणारा सिंधुदुर्ग किल्ला तिच्यात कुठेच नव्हता! "मी फक्त पुढे पाठवली," असे मी म्हणाले. मामा एवढेच म्हणाले, "तू धाडलंस म्हणान खरा मानलंय."

विजेशिवायच्या दिवसांत मी स्वतः पाहिलेले तेवढेच वहीत लिहीत गेले. रेंज आल्यावर त्या वहीवरून समूहावर लिहिले : 'दि. २० मे, सकाळी ८. आमच्या वाडीतील सर्व माणसे सुखरूप आहेत. आमचे दोन माड पडले, पडवीची कौले उडाली. वीज अजून नाही. शेजारच्या वाडीत मी गेलेले नाही. तिथले सांगता येणार नाही. आधीची चित्रफीत मालवणची नव्हती. ती पुढे पाठवू नये.' शेवटची दोन वाक्ये लिहिताना कमीपणा वाटला. पण मुंबईहून मावशीने कळविले, "ती वाचली आणि बाकीच्यावर विश्वास बसला."

४.४ विवेचन
१) पुढे पाठविणे हीदेखील साक्षच : २०१८ पासून व्हॉट्सअॅपवर पुढे पाठविलेल्या संदेशाला तशी खूण दिसते. तरीही वाचकाने विश्वास ठेवला तो खुणेवर नव्हे, पाठविणारीच्या नावावर. ती मालवणात राहते, यामुळे चित्रफितीला वजन आले.
२) मर्यादेची कबुली : दुसऱ्या निवेदनात तारीख, वेळ व स्थळ आहे आणि माहितीची सीमाही आहे. वाचकाला निर्णय घेण्यासाठी दोन्हींची गरज असते.
३) भाषेची निवड : मामांचे मालवणी वाक्य समोरासमोरचे, आपलेपणाचे आहे. समूहाबाहेर जाऊ शकणारे निवेदन मात्र सर्वांना कळेल अशा प्रमाण मराठीत आहे. येथे बोलीला कमी लेखलेले नाही. वाचक बदलला, म्हणून भाषा बदलली.
४) सवयीतील अंतर : वहीमुळे पाहणे आणि पाठविणे यांमध्ये वेळ गेला. चूक लक्षात येण्यास तेवढी उसंत पुष्कळदा पुरेशी असते.

४.५ सारांश
ऑनलाइन लेखनात वाचक दिसत नाही, पण आपल्या शब्दांवर विसंबून तो कृती करतो. म्हणून लिहिण्याइतकेच न पाठविणे हेही लेखकाचे काम आहे.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१) विद्यार्थिनीच्या दोन संदेशांची तुलना करा.
२) आपण काल पुढे पाठविलेला एखादा संदेश घ्या. त्यातील स्वतः पाहिलेले व केवळ ऐकलेले वेगळे करून तो साठ शब्दांत पुन्हा लिहा.