थेंब दिसला म्हणून गाडी विकू नकोस

अगं, पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग दिसला रे दिसला, की सल्ले द्यायला सगळे पुढे येतात. गिअरबॉक्स गेला, पार्ट मिळणार नाहीत, वीस वर्षांच्या वर झालेली गाडी भंगारात द्या. यातलं काहीही आज मनावर घेऊ नकोस. तुझी होंडाची व्हीटेक सिटी डागावरून काढून टाकण्यासारखी गाडी नाही. २००० साली ती १.५ लिटरचं, १०६ अश्वशक्तीचं इंजिन घेऊन आली, तेव्हा आपल्याकडच्या घरगुती सेडानमध्ये एवढी ताकद क्वचितच मिळायची. २००३ साली तिच्या जागी नवी सिटी आली, तिचं पहिलं इंजिन ७७ अश्वशक्तीचं होतं. जाणकार लोक अजून जुनी व्हीटेक शोधत फिरतात ते उगाच नाही. तू ती हौसेनं घेतलीस, सांभाळलीस, आणि मला त्याचं फार कौतुक आहे.

पण कौतुक आहे म्हणून डागाकडे दुर्लक्ष करायलाही मी सांगणार नाही. या गिअरबॉक्समध्ये तेल मावतं जेमतेम दोन लिटरच्या आसपास. इंजिन ऑइल कमी झालं तर डॅशबोर्डवर निदान प्रेशरचा लाल दिवा तरी लागतो. गिअरबॉक्ससाठी असला दिवा नाही, आणि तेल मोजायला डिपस्टिकही नाही. कमी झालेलं तेल पहिल्यांदा कळतं ते आवाजावरून. वरच्या गिअरमध्ये हूं-हूं असा सूर लागतो, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की तो बदलतो. तो सूर ऐकू येईपर्यंत बेअरिंगला मार बसलेला असतो. सील काहीशे रुपयांत येतं, गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर मात्र हिशेब हजारांत जातो.

म्हणून आधी एवढंच शोधायचं, की गळतंय नक्की काय आणि नक्की कुठून. लोक इथेच घाई करतात.

खालची बाजू गॅरेजात स्वच्छ धुऊन घे. जुन्या चिकट काळ्या थरावर नवी गळती कधीच नीट दिसत नाही. मग रात्री गाडीखाली मोठा कोरा पुठ्ठा टाक आणि सकाळी नीट बघ. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, विसरून जा. काळं तेल बहुधा इंजिनचं, कारण इंजिन ऑइल काजळी धरतं. गिअरबॉक्सचं तेल जुनं झालं तरी मधासारखं किंवा करडं दिसतं. अगदी पातळ, बुळबुळीत आणि रंगावर पडलं तर रंग उचलणारं काही असेल, तर ते ब्रेक फ्लुइड. तसं असेल तर गाडी जागची हलवू नकोस, मेस्त्रीला घरी बोलाव. आणि चाकाच्या आतल्या बाजूला घट्ट काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर ॲक्सलचा रबरी बूट फाटलाय. तो आजार वेगळा आहे, पण पुष्कळ गॅरेजवाले त्यालाही ‘सील गेलं’ म्हणून मोकळे होतात.

चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो, हे ध्यानात ठेव. थेंब जिथून टपकतो तिथेच गळती असेल असं नाही. ओल सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जिथे सापडते, तिथे गळतीचं मूळ असतं. शंका राहिली तर धुतलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरायची, गाडी थोडी फिरवून आणायची आणि पावडर कुठे भिजली ते पाहायचं. मेस्त्री हसला तर हसू दे.

या गिअरबॉक्समध्ये गळायच्या जागा पाच-सहाच. ॲक्सल आत शिरतो तिथली दोन सीलं, गिअरचा रॉड आत जातो तिथलं छोटं सील, रिव्हर्स लाइटचा स्विच, ड्रेन प्लगखालचा वॉशर, आणि क्लचच्या बाजूचं इनपुट शाफ्टचं सील. वॉशर दर वेळी नवा घालायचा असतो, आणि तेल बदलताना नेमकं तेच टाळलं जातं. फक्त वॉशर निघाला तर देवाला नमस्कार कर आणि घरी ये. रॉडचं सीलही गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतं. होंडाच्या जुन्या गाड्यांत ते बऱ्याचदा पाझरतं, पण तिकडे कुणी पाहतच नाही.

बहुतेक वेळा निघतं ते ॲक्सलचं सील. रबराचं कडं, आत पातळ ओठ, आणि तो ओठ शाफ्टला चिकटून राहावा म्हणून त्याच्याभोवती बारीक स्प्रिंग. वर्षानुवर्षं उष्णता सोसून रबर कडक होतं, मग कुकरच्या जुन्या रिंगसारखं ते धरत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तरी ओठ एकाच जागी बसून कडक होतो, त्यामुळे कमी चालवलेली गाडीही गळते.

आता माझं नीट ऐक. सील म्हातारं होऊन गेलं असेल तर नवं घातलं की काम झालं. पण ते कशानं तरी मारलं असेल, तर नवंही थोड्याच महिन्यांत गळेल आणि तू ‘पार्ट डुप्लिकेट होता’ म्हणत बसशील. म्हणून ॲक्सल बाहेर निघाला की तीन गोष्टी स्वतः उभी राहून बघ. शाफ्टवर सील घासतं त्या जागी नखाला लागेल अशी खाच पडली आहे का? पडली असेल तर तिथे पातळ स्लीव्ह चढवावी लागते, नाहीतर ते टोक बदलावं लागतं. दुसरं, ॲक्सल बसतो तिथे आतला भाग हातानं हलवून वरखाली खेळतोय का? खेळत असेल तर डिफरन्शियलचं बेअरिंग झिजलंय आणि कुठलंही सील तिथे टिकणार नाही. तिसरं, गिअरबॉक्सचा ब्रीदर चिखलानं बुजलाय का? तो बंद झाला की गरम हवेचा दाब आतच कोंडतो आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. साफ करायला खर्च जवळजवळ नाहीच.

तुझ्या गाडीसाठी आणखी एक. आधीच्या मालकानं स्प्रिंग कापून ती खाली बसवली आहे ना? मग ॲक्सलचा कोन बदललाय. त्यात इंजिनचे माउंट फाटलेले असतील, तर गाडी जोरात सुटली की दर वेळी गिअरबॉक्स उचकतो आणि तो धक्का जॉइंटपासून सीलपर्यंत पोचतो. जोरात पळवण्यासाठी बांधलेली गाडी जोरात पळव, माझी ना नाही. पण आधी माउंट तपासून घे.

काम करताना मेस्त्रीला आदरानं पण ठामपणे सांग. तेल आधी काढायचं. ॲक्सल शाफ्टला धरून ओढायचा नाही, आतला जॉइंट सुटतो. तो केसच्या बाजूनं हळू उचकटायचा. जुनं सील काढताना स्क्रू ड्रायव्हरनं बसण्याची जागा खरवडायची नाही. नवं सील सरळ, चारी बाजूंनी सारखं ठोकायचं, त्याच मापाचा सॉकेट वापरून, आणि ओठाला आधी ग्रीस लावायचं. डावं-उजवं सील एकच असेल असं धरायचं नाही, दोन्हींवरचे नंबर जुळवून घ्यायचे. ॲक्सलच्या टोकाची रिंग नवी. आत जाताना ‘कट्’ असा आवाज आलाच पाहिजे. आणि स्वतः वाकून बघायची हौस असेल, तर गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली मुळीच जायचं नाही. स्टँड लावल्याशिवाय नाही, रॅम्प असला तर उत्तमच.

तेलाबाबत मात्र अजिबात ऐकून घेऊ नकोस. ‘नव्वद नंबर टाकतो, गळायचं थांबेल,’ असं कुणीतरी नक्की म्हणेल. जाड तेल गळती थोडी लपवतं, पण या गिअरबॉक्सला पातळ एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड, लागतं. जाड तेलावर थंड सकाळी दुसरा गिअर अडतो आणि सिंक्रो झिजतात. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांचंही तसंच. त्या रबर फुगवून चार दिवस काढतात. तेल भरताना गाडी सपाट उभी हवी, फिलर प्लगच्या काठापर्यंत तेल आलं की बस. काढलेलं तेल गटारात जाऊ देऊ नकोस, गॅरेजच्या पिंपात ओतायला लाव.

खरा खर्च एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे क्लचच्या बाजूचं सील. गाडी सुटताना थरथरत असेल, क्लच घसरत असेल आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली ओल असेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचं मागचं सील एकाच वेळी करून घे. मजुरी एकदाच द्यावी लागेल. पैसे कमी पडत असतील तर थोडं थांब, गाडी उभी ठेव, पण अर्धं काम करू नकोस.

या आठवड्यात गाडी धुऊन घे, पुठ्ठा टाक आणि डागाचा फोटो मला पाठव. तेलाची पातळी तपासल्याशिवाय ती घाटात काढू नकोस. आणि काही न बघताच कुणी ‘उद्या गिअरबॉक्स उतरवू’ म्हणालं, तर हो म्हणायच्या आधी मला फोन कर.