हृदयविकार फक्त पुरुषांचा नाही

आपल्या वस्त्यांत अजूनही आपण समजतो की, हृदयविकार हा पुरुषांचा आजार. प्रत्यक्षात देशात स्त्री आणि पुरुष दोघांच्याही मृत्यूचे पहिले कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. फरक त्यापुढे पडतो.

पुरुषांमध्ये तंबाखू-खर्ऱ्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग, दारूने खराब झालेले यकृत, रस्ते अपघात आणि आत्महत्या यांचे बळी जास्त. 2006 साली केंद्राने शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यात आपला बुलढाणाही होता. स्त्रियांमध्ये स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग जीव घेतो. हे दोन्ही लवकर सापडले तर बरे होऊ शकतात.

बाईला झटका आला तर कधी छातीत कळ येते, कधी नुसती धाप, मळमळ, थंड घाम, जबडा किंवा पाठ दुखणे. आपण ‘पित्त झालं’ म्हणतो आणि वेळ जातो. अशा वेळी लगेच 108 ला फोन करावा.

तिशीनंतर आपण सर्वांनी सरकारी आरोग्य केंद्रात बीपी, शुगर व तोंडाची मोफत तपासणी करून घ्यावी. स्त्रियांनी स्तन व गर्भाशयमुखाचीही. आशाताईंना विचारावे. मन खचले तर 14416 वर बोलावे.

घरातल्या बाईचे दुखणे ‘कामं उरकल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवू नये.