मासवण-बोईसरला नवे आहात? पिशवी घेऊन निघण्यापूर्वी

काय करावे

निघताना

• दिशा आधी ठरवा: मासवणहून पूर्वेला मनोर-विक्रमगडकडे रानभाजी आणि धान्य, पश्चिमेला सातपाटी-केळव्याकडे मासळी आणि वाडीचा भाजीपाला.
• आठवडी बाजाराचा वार शेजाऱ्यांना विचारून घ्या. गाव बदलले की वार बदलतो.
• सकाळी लवकर पोहोचा. डोक्यावरून आलेल्या पाट्या झटपट रिकाम्या होतात, ऊन चढल्यावर उरतो तो बहुधा घाऊक बाजारातून ट्रकने आलेला माल.
• सुटे पैसे, कापडी पिशव्या आणि मासळीसाठी घट्ट झाकणाचा डबा बरोबर ठेवा.
• विकणाऱ्या बाईंना वयाप्रमाणे ताई, मावशी, आजी म्हणा आणि आधी माल कुठला ते विचारा, भाव नंतर.
• वाट्याने मिळते ते वाट्याने घ्या, जुडीने मिळते ते जुडीने. इथे सगळ्यालाच वजनकाटा लागत नाही.
• पहिल्या फेरीत बेताने घ्या आणि माणसे लक्षात ठेवा.
• पटलेल्या विक्रेतीकडे पुन्हा पुन्हा जा. ओळख झाली की “आज हे नका घेऊ” असे तीच सांगते, आणि त्याहून मोठे प्रमाणपत्र नाही.

सेंद्रिय म्हणून घेताना

• “कुठे पिकले?” आणि “काय फवारले?” हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर नसते.
• बंद पाकिटावर ‘जैविक भारत’चे चिन्ह आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, दोन्ही शोधा, नुसता क्रमांक माल सेंद्रिय असल्याचे सांगत नाही.
• ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ आणि ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ या प्रमाणनाच्या दोन चिन्हांत फरक करा; ‘ग्रीन’ म्हणजे शेत अजून बदलाच्या वाटेवर आहे.
• रसायने सोडून किती वर्षे झाली ते विचारा. प्रमाणित होण्यासाठी हंगामी पिकांच्या शेताला साधारण दोन वर्षे लागतात, फळबागेला तीन.
• स्वतः पिकवून थेट तुम्हाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याकडे कागद नसेल तर शेत बघू द्या म्हणा. अशा थेट विक्रीला नियमांनी प्रमाणपत्रातून सूट ठेवली आहे.
• जीवामृत कसे करता ते विचारा. करणारा माणूस शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसनाचे माप न अडखळता सांगतो, शिवाय पिंप दाखवतो.
• पाणी कुठले ते हमखास विचारा: सूर्या नदीचा कालवा, विहीर की नाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली होती, म्हणून बोईसरच्या आसपास हा प्रश्न फवारणीच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.
• शेती, बियाणे किंवा रोपांबद्दल शंका असेल तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पालघरच्या कृषी संशोधन केंद्रात विचारा. तिथली माणसे बोलतात.

तांदूळ आणि धान्य

• वाडा कोलम वाडा तालुक्यातल्या शेतकऱ्याकडून किंवा शेतकरी गटाकडून घ्या. २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नाव फार विकले जाते.
• दाणा हातात घेऊन बघा: खरा कोलम बारीक आणि किंचित राखट पांढरा असतो, दुधासारखा शुभ्र नसतो.
• नवा की जुना ते विचारा. दिवाळीनंतर आलेला ताजा तांदूळ शिजल्यावर चिकटतो.
• पहिल्यांदा एक किलो घ्या, घरी शिजवून खा, मग वर्षाचा भरा.
• नाचणी मागताना ‘नागली’ म्हणा. जव्हार-मोखाड्याकडची नागली आणि वरई मिळाली तर सोडू नका.
• खुरासणीचे तेल घाण्यावरून, डोळ्यांदेखत गाळून घ्या. मोहट्याचे तेल आधी छोट्या बाटलीत न्या, वास सगळ्यांच्या घरात चालत नाही.

फळे

• घोलवडचा चिकू घ्यायचा तर डहाणूपर्यंत लोकलने जा, पुढचेच स्टेशन घोलवड. २०१६ साली मानांकन मिळाले ते याच पट्ट्याच्या चिकूला.
• ‘कालीपत्ती’ मागा आणि नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवे दिसले तर फळ कोवळे उतरवले आहे.
• चिकू टणक घेऊन घरी पिकवा, दोन-तीन दिवसांत खायला होतो.
• बहाडोलीचे जांभूळ मे अखेर ते जूनमध्येच गाठा. वैतरणेकाठच्या या गावाचा हंगाम छोटा आहे आणि पहिला जोराचा पाऊस तो संपवतो.
• जांभूळ करंडीच्या तळापर्यंत बघून घ्या आणि त्याच दिवशी खा.
• ताडगोळे आख्खे फळ समोर फोडून घ्या. सोलून ठेवलेले लवकर आंबतात.
• नीरा उजाडण्याच्या सुमाराला प्या.
• वसई पट्ट्यातली सुकेळी दिसली तर घ्या: राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली, वरून साखरेचा कणही न घातलेली मिठाई आहे.

रानभाज्या

• शेवळे घेताना सोबत काकडाची फळे मागून घ्या. त्यांच्याशिवाय शिजवले तर घसा खाजतो, आणि विकणारी बाई दोन्ही बरोबरच ठेवते.
• प्रत्येक नव्या भाजीची कृती तिथेच विचारा: काय काढून टाकायचे, किती वेळा पाणी ओतायचे, आंबट काय घालायचे.
• सुरुवात टाकळा, फोडशी, करटोली यांपासून करा. नवख्या हाताला हे सोपे जाते.
• ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरतो का याची चौकशी करा. एका छपराखाली नाव, रूप आणि चव तिन्ही कळतात.
• अळंबी फक्त ओळखीच्या आणि स्वतः खाणाऱ्या बाईकडून घ्या.

मासळी

• सातपाटीला नावा लागण्याची वेळ विचारून जा. ती भरती-ओहोटीवर ठरते, घड्याळावर नाही.
• कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, अंग दाबल्यावर खळगा न राहणारे हवे.
• पापलेट पूर्ण वाढीचे घ्या. २०२३ साली त्याला राज्यमाशाचा मान मिळाला तो मासा कमी होत चालला म्हणूनच.
• आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची सुकी मासळी मे महिन्यातच भरा: बोंबील, जवळा, वाकटी, मांदेली.
• वलांडीवर टांगून वाळवलेले बोंबील मागा. वाळूत वाळवलेल्यांची कचकच कितीही धुतली तरी जात नाही.
• घरी आणल्यावर सुक्या मासळीला एक कडक ऊन द्या, मग हवाबंद डब्यात ठेवा.

हाताने केलेल्या वस्तू

• वारली चित्र चित्रकाराकडून घ्या आणि त्याचे नाव, गाव चित्रामागे लिहून घ्या. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांच्या पट्ट्यातल्या आजच्या चित्रकारांची नावे दुकानदार सांगत नाहीत.
• छापील आणि हाताने काढलेले यातला फरक बोटाने तपासा: हाताच्या रेषेत जाडी बदलते, रंग कापडावर किंचित उठून राहतो.
• सूप, टोपली, करंडी बाजारात विणणाऱ्याकडूनच घ्या आणि कामाचा प्रकार सांगून मागा. भात पाखडायचे सूप वेगळे, शोभेचे वेगळे.
• बांबूच्या राख्या आणि आकाशकंदील हवे असतील तर भालिवलीच्या ‘सेवा विवेक’कडे सणाच्या आधी नोंदवा.
• बचत गटाचे पापड, मसाले, लोणचे घेताना तयार केल्याची तारीख बघा. नसेल तर विचारा, आणि पुढच्या वेळी लिहायला सांगा.

काय टाळावे

निघताना

• मासळी आणि रानभाजी एकाच फेरीत आणू नका. दोन टोके आहेत, मधल्या उन्हात दोन्ही जाते.
• “आमच्याकडे हे स्वस्त मिळते” असे बोलू नका; तुमच्याकडचे इथे पिकत नाही.
• पानाच्या द्रोणातल्या वाट्यावर घासाघीस करू नका. मॉलमध्ये जी जीभ गप्प असते, तिने इथेही गप्प राहावे.
• न विचारता विक्रेत्या बायकांचे फोटो काढू नका.
• कुणाच्या वाडीत, बागेत किंवा खळ्यावर हाक न मारता शिरू नका.
• घेतलेला माल प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका; पालेभाजी घरी पोहोचेपर्यंत शिजते.

सेंद्रिय म्हणून घेताना

• ‘नैसर्गिक’, ‘गावरान’, ‘विषमुक्त’ या शब्दांचे जादा पैसे देऊ नका; नुसत्या शब्दामागे तपासणी नसते.
• किडलेले पान म्हणजे सेंद्रिय असा हिशेब लावू नका. फवारूनही कीड राहते.
• आदिवासी बाईने आणले म्हणजे बिनखताचे असे गृहीत धरू नका. भाताला युरिया सगळीकडे पोहोचला आहे, आणि विचारले तर ती सरळ सांगते.
• डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर आहे म्हणून तिथली प्रत्येक ढोबळी मिरची निर्धोक समजू नका. ते बंधन मुख्यतः उद्योगांवर आहे, फवारणीच्या पंपावर नाही.
• एमआयडीसीच्या नाल्यालगत पिकलेला पालेभाजीचा मळा कितीही हिरवागार दिसला तरी तिथून घेऊ नका.
• सेंद्रिय प्रमाणपत्राची झेरॉक्स दाखवली की समाधान मानू नका. त्यावरचे नाव, पीक आणि मुदत वाचा.
• तपकिरी अंडे गावठीच असते असे मानू नका. रंग कोंबडीच्या जातीचा असतो, आणि कधी कधी चहाच्या पाण्याचा.

तांदूळ, फळे, मध

• महामार्गावरच्या गोणीवर ‘वाडा कोलम’ छापले म्हणून घेऊ नका. गोणी कुठेही छापली जाते.
• चकचकीत पॉलिश केलेला तांदूळ निवडू नका.
• कच्चा चिकू फ्रिजमध्ये ठेवू नका; मग तो पिकत नाही, नुसता सुरकुततो.
• बाहेरून एकसारखे पिवळे आणि आत आंबट-कडक असे आंबे परत त्या माणसाकडून घेऊ नका. फळे कार्बाइडने पिकवायला बंदी आहे, तरी वापर थांबलेला नाही.
• जुलैत ‘बहाडोली’ म्हणून मिळणाऱ्या टपोऱ्या जांभळांना भुलू नका.
• दुपारी ‘नीरा’ पिऊ नका. तोवर तिची ताडी झालेली असते.
• दारावर पोळे मिरवत येणाऱ्याकडून मध घेऊ नका. पोळे खरे असते, बाटलीतला पाक वेगळा असतो.
• पाण्याच्या पेल्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून मधाची परीक्षा करू नका. या युक्त्या साखरेचा पाक पकडत नाहीत.

रानभाज्या आणि जंगलातला माल

• पुस्तकातले चित्र बघून स्वतः रानभाजी खुडायला जाऊ नका. दोन पानांतला फरक इथल्या पोरींना कळतो, आपल्याला नाही.
• कडू कंद घरी नेऊन प्रयोग करू नका. तो कापून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खाता येतो, आणि चूक झाली तर दवाखाना गाठावा लागतो.
• कुणी पिशवीत झाकून ससा, घोरपड किंवा रानपाखरू दाखवले तर भावसुद्धा विचारू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने विकणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात.
• बांबूचे कोंब पोत्याने मागू नका. वास्त्याची भाजी जितकी जास्त खाल, तितका पुढच्या वर्षीचा बांबू कमी.

मासळी

• जून-जुलैमध्ये ‘आजचे ताजे पापलेट’ या पाटीवर विसंबू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, ते पापलेट बर्फातून आलेले असते.
• कोवळी, तळहातात मावणारी पापलेटे स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. राज्याने पापलेटची किमान लांबी ठरवून दिली आहे.
• औद्योगिक सांडपाणी ज्या बाजूला समुद्रात सोडले जाते, त्या बाजूच्या खाडीतली कालवे आणि शिवल्या घेऊ नका. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो आणि पाण्यातले सगळे अंगात साठवतो.
• चकाकणारे, पिवळेधम्मक सुके बोंबील घेऊ नका. उन्हात वाळलेला बोंबील फिका आणि थोडा वेडावाकडा असतो.
• बंद काचांच्या गाडीत मासळी घेऊन ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसभर ठेवू नका.

हाताने केलेल्या वस्तू

• देवचौकाचे चित्र पायपुसण्यावर, चपलांवर किंवा टेबलावरच्या चटईवर छापून मिळाले तर घेऊ नका. तो चौक लग्नात पालघट देवीसाठी काढतात.
• मॉलमधल्या लाल-निळ्या-सोनेरी ‘वारली’वर पैसे घालू नका, गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढेच मूळ रंग.
• चित्रकाराला “फोटोवरून अगदी असेच काढून द्या” म्हणू नका. विषय सांगा आणि हात मोकळा सोडा.
• तारपा (सुक्या दुधीचे फुंकवाद्य) शोभेसाठी भिंतीवर टांगायला म्हणून वाजवणाऱ्याच्या हातातला मागू नका. करणाऱ्याला सांगितले तर दुधी सुकल्यावर तो नवा करून देतो, आणि त्यासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागले तर थांबा.