विदूषक मासे आणि काचेचे घर

नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे आणि डुलत डुलत पोहण्याची गमतीदार ढब! विदूषक मासा हे नाव त्याला शोभून दिसते. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे तो सर्वांचा लाडका झाला. पण नावावर जाऊ नका. हा मासा मोठा भांडखोर असतो.

त्याचे भांडण असते घरासाठी. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उथळ, उबदार पाण्यात समुद्रपुष्प नावाचा प्राणी खडकाला चिकटून राहतो. दिसतो फुलासारखा, पण त्याच्या बोटांसारख्या अवयवांना विषारी डंख असतो. विदूषक माशाला मात्र तो डंख बाधत नाही. शत्रूपासून वाचायला याहून चांगली जागा कोणती? म्हणूनच तो ती सहजासहजी सोडत नाही.

अशा घरात सर्वांत मोठी असते ती मादी. तीच घरची मालकीण. तिच्याहून लहान तिचा नर आणि कधी कधी आणखी काही धाकटे मासे. मादी मेली, तर तो नरच मादी बनतो! हान्स आणि सिमोन फ्रिके या शास्त्रज्ञांनी १९७७ साली याविषयी लिहिले. (निमोच्या बाबांचेही खरे तर हेच व्हायला हवे होते.) पण मादी पुन्हा नर होऊ शकत नाही. त्यामुळे दोन मोठ्या माद्या समोरासमोर आल्या, की तडजोड नाही.

आता घरातील काचेच्या टाकीकडे वळू. हौशी माणूस दुकानात जातो आणि रंग पाहून तीन जातींची पिल्ले आणतो : गडद लाल मरून क्लाउन, टोमॅटो क्लाउन आणि निमोसारखा ऑसेलॅरिस. काही आठवडे सारे छान चालते. मग पिल्ले मोठी होतात. मरून जातीची मादी पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि तिच्या गालावर काटा असतो. बिचारा ऑसेलॅरिस तिच्यापुढे लहानच! समुद्रात हरलेल्या माशाला निदान पळता तरी येते. इथे चारही बाजूंना काच. टाकी दोनशे लिटरची असली, तरी मालकीण ती सगळी आपलीच समजते. हरलेला मासा वरच्या कोपऱ्यात लपतो, त्याचे पर फाटतात, खाणे सुटते आणि तो मरतो. मालकाला वाटते, पाणी बिघडले. तो पाणी बदलत बसतो!

यावर उपाय साधा आहे. एका टाकीत एकाच जातीची एकच जोडी ठेवावी. मासे लहान वयाचे घ्यावेत. एक थोडा मोठा, दुसरा छोटा. छोटा मासा मोठ्यापुढे अंग थरथरवतो. ‘मी हरलो’ असे सांगण्याची ही त्याची रीत आहे. ते पाहून मोठा मासा बहुधा त्याला सोडून देतो. तरीही मारामारी थांबली नाही, तर त्याच दिवशी टाकीत छिद्रांची जाळी उभी करून दोघांना वेगळे करावे आणि एकाला दुसऱ्या टाकीत हलवावे.

स्वाध्याय
१. विदूषक मासा समुद्रपुष्पात का राहतो?
२. दोन मोठ्या माद्यांत तडजोड का होत नाही?
३. ‘खाणे सुटणे’ हा शब्दप्रयोग वाक्यात वापरा.