बर्फांत अडकलेले दोन घोडे

पाठासाठीं वाचावें : निर्गम २३:१-८, अनुवाद २२:१-४.

आपल्या खेड्यांतील बहुतेकांनीं बर्फ पाहिलें असेल तें उसाच्या रसाच्या दुकानीं, गोणपाटांत गुंडाळलेलें. तें बर्फ म्हणजे गोठलेल्या पाण्याचा धोंडाच होय. थंड देशांतील डोंगरांवर आकाशांतून जें बर्फ पडतें तें असें नसतें. तें पिंजलेल्या कापसासारखें मऊ व हलकें असून आवाज न करितां रात्रभर पडत राहतें. तें वीतभर सांचलें म्हणजे मुलांस खेळ होतो, परंतु पुरुषभर सांचलें म्हणजे रानांत राहिलेल्या जनावराचा तुरुंग होतो. हा तुरुंग कसा बनतो हें अगोदर समजून घेतलें पाहिजे, नाहींतर पुढील हकीकतींत माणसांनीं जे श्रम केले त्यांचा अर्थ ध्यानांत येणार नाहीं.

घोड्याचें सगळें वजन चार लहान खुरांवर असतें. मऊ बर्फांत ते खूर खालीं जातात व बर्फ पोटाला आणि छातीला लागतें. मग त्यास पाय उचलून पुढें टाकतां येत नाहीं, उड्या मारीतच पुढें सरावें लागतें. अशा पांचपंचवीस उड्यांत तो थकतो, अंगास घाम सुटतो व तोच घाम थंडीनें गोठूं लागतो. तेव्हां तो उभा राहतो. उभ्या जागीं पाय आपटून तो खालचें बर्फ दाबून टाकितो, भोंवतीं मात्र रोज नवें बर्फ पडून भिंती ऊंच होत जातात. याप्रमाणें तो स्वतःच्या पायांनीं केलेल्या खड्ड्यांत कैद होतो. थोडें बर्फ असेल तर घोडा खुरानें उकरून खालचें गवत खातो, परंतु माणसाच्या उंचीएवढें बर्फ त्यास उकरवत नाहीं.

येथें एक गोष्ट पुष्कळांस नवल वाटण्याजोगी आहे. अशा जनावरास मारणारी मुख्य गोष्ट थंडी नव्हे, तर भूक होय. हिंवाळ्यांत घोड्याच्या अंगावर दाट लोंकर येते व ती उभी राहिली म्हणजे तिच्यांत ऊब धरून राहते. शिवाय वाळलें गवत त्याच्या मोठ्या आंतड्यांत आंबतें आणि त्या आंबण्यापासून उष्णता उत्पन्न होते. पोट हीच त्याची शेगडी. शेगडींत गवत पडत असेल तर घोडा फार कडक थंडी सोसतो. गवत संपलें म्हणजे आधीं चरबी व मग मांस जाळून तो जगतो. पाठीचा कणा व बरगड्या दिसूं लागतात. मग दिवस मोजावयाचे राहतात.

आतां हकीकत सांगतों. कॅनडा देशाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, रॉकी पर्वताच्या पायथ्याशीं, फ्रेझर नदीच्या खोऱ्यांत मॅकब्राइड नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील वस्ती हजाराच्याहि आंत असून गांव बव्हंशीं लांकडाच्या धंद्यावर जगत आलेलें आहे. सन २००८ सालीं त्या धंद्यास मोठी मंदी आली होती व पुष्कळ घरीं काम नव्हतें, हें लक्षांत ठेवावें. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यांत एडमंटन शहराकडील एक गृहस्थ ओझ्याचे घोडे घेऊन गांवाजवळील माउंट रेनशॉ ह्या डोंगराकडे गेले. वाट कठीण लागली, घोडे पुढें येईनात, आणि शेवटीं दोन घोडे डोंगरावरच राहिले. त्यांत बेल नांवाची एक तरुण घोडी व सनडान्स नांवाचा एक वयस्क घोडा होता. थंडी आली, बर्फ पडूं लागलें, वाट बुजली. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ते दोघे तेथेंच होते.

त्या सुमारास बर्फावरून धांवणाऱ्या मोटारगाड्या घेऊन कांहीं माणसें त्या डोंगरावर गेलीं होतीं. (ह्या गाडीस स्नोमोबाइल म्हणतात. तिला पुढें दोन घसरपट्ट्या व मागें फिरता पट्टा असतो.) त्यांस खोल बर्फाच्या खड्ड्यांत हे दोन घोडे उभे दिसले, हाडांचे केवळ सांपळे. बातमी गांवांत पोंचली.

आतां काय करावें? पहिला विचार बंदुकीचा झाला व तो निर्दयपणाचा नव्हता, हें आमच्या वाचकांनीं समजून घ्यावें. जें जनावर वांचण्यासारखें नाहीं त्यास भुकेनें तिळतिळ मरूं देण्यापेक्षां एका गोळीनें सोडविणें हें त्या देशांत दयेचेंच काम मानितात. म्हणून वर गेलेल्या मंडळीनें बंदूकहि नेली व गवतहि नेलें, आणि घोड्यांची स्थिति पाहून तेथेंच ठरवावें असें केलें. घोड्यांच्या डोळ्यांत अजून तेज होतें, व गवत पुढें टाकतांच ते खाऊं लागले. बंदूक तशीच परत आली.

परंतु गोळी न घालण्याचें ठरविणें सोपें, खालीं आणणें कठीण. विमानासारख्या हेलिकॉप्टर यंत्रानें झोळींत टांगून आणावें, असा विचार निघाला. पण इतक्या अशक्त जनावरांस तें धोक्याचें होतें व खर्चहि फार होता. तेव्हां कोणासहि करतां येईल असा एकच उपाय राहिला. घोडे उभे होते तेथपासून लांकडें वाहून नेण्याच्या जुन्या सडकेपर्यंत, जेथें गाड्यांनीं बर्फ दाबून घट्ट केलें होतें तेथवर, फावड्यांनीं चर खणावयाचा. हें अंतर सुमारें एक किलोमीटर होतें. बर्फ सुमारें सहा फूट खोल. चर इतका रुंद हवा कीं घोडा त्यांतून चालूं शकेल, व त्याचा तळ इतका घट्ट हवा कीं खूर आंत जाणार नाहीं.

पहिल्या दिवशीं हें काम करण्यास मूठभर माणसें होतीं. तीं रोज गांवाहून त्या गाड्यांवर बसून डोंगरावर जात व अंधार पडल्यावर परतत. थंडी शून्याखालीं तीस अंश, कधीं त्याहूनहि अधिक. आपल्याकडे महाबळेश्वरीं दंवबिंदु गोठले तर वर्तमानपत्रांत छापून येतें. त्यावरून वाचकांनीं कल्पना करावी. बातमी पसरली तसतशीं माणसें वाढत गेलीं. पुरुष आले, स्त्रियाहि आल्या. घोड्यांच्या पाठींवर ब्लँकेटें घातलीं, गवत रोज पोंचविलें. कोणी कोणास मजुरी दिली नाहीं. एक आठवडा हें चाललें. शेवटीं डिसेंबरच्या २३ तारखेस, म्हणजे नाताळाच्या दोन दिवस आधीं, चर सडकेस मिळाला. त्यांतून दोन्ही घोडे एकामागें एक आपल्या पायांनीं बाहेर आले, व मग रात्रीच्या काळोखांत सुमारें तीस किलोमीटर उतार चालून खालीं पोंचले. पुढें प्राणिरक्षक संस्थेच्या व्यवस्थेखालीं त्यांची शुश्रूषा झाली.

गवत घालण्याविषयीं येथें थोडें विस्तारानें लिहितों, कारण आमच्या उपदेशक बंधूंस त्याचा उपयोग आहे. उपाशी जनावर सांपडलें म्हणजे प्रेमळ माणूस त्यापुढें पाटीभर दाणा ओततो. हें घातक होय. फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याच्या पोटांत एकाएकीं पिष्टमय धान्य गेलें तर रक्तांतील स्फुरद वगैरे क्षार झपाट्यानें पेशींत ओढले जातात, रक्तांत त्यांची उणीव पडते, आणि हृदय व श्वास बंद पडून जनावर कांहीं दिवसांत मरतें. पोट भरल्यावर मरतें, म्हणून लोक म्हणतात, त्याचें आयुष्यच संपलें होतें. तसें नव्हे. पशुवैद्य सांगतात कीं, प्रथम चांगलें वाळलेलें गवत, त्यांतहि लसूणघास, थोडें थोडें, दिवसांतून अनेक वेळां द्यावें व बऱ्याच दिवसांनीं धान्याकडे वळावें. बैल, गाय, म्हैस ह्यांची कोठी निराळी असल्यानें तेथें एकदम धान्य किंवा पीठ गेल्यास पोटांत आम्ल वाढून तीं आडवीं होतात. सन १९७२ च्या दुष्काळांतील व अलीकडे २०१३ आणि २०१९ सालच्या चारा छावण्यांतील गुरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हें नवें नाहीं. तथापि आमच्या पाहण्यांत असें आलें आहे कीं, दुष्काळ संपून चार वर्षें झालीं कीं ही गोष्ट पुन्हां सगळे विसरतात.

डोंगराळ व थंड देशांत अशा आपत्ति वारंवार येतात. ब्रिटनमधील मेंढपाळांस ठाऊक आहे कीं, वादळांत मेंढ्या दगडी भिंतीच्या आडोशास जातात, आणि वाऱ्यानें वाहून आलेलें बर्फ नेमकें त्या आडोशासच सांचतें. मेंढ्या गाडल्या जातात, परंतु श्वासाच्या उबेनें बर्फांत लहानशी पोकळी होते व त्यांत त्या कित्येक दिवस जगतात. मेंढपाळ लांब काठी खुपसून व कुत्र्यांच्या साह्यानें त्यांस शोधितात. मार्च २०१३ मध्यें उत्तर आयर्लंडांतील डोंगरांत असें झालें, तेव्हां हेलिकॉप्टरांतून चारा टाकावा लागला. अमेरिकेंत सन १९४९ च्या हिंवाळ्यांत नेव्हाडा, युटा, नेब्रास्का वगैरे प्रांतांतील गुरेंमेंढरें हिमवादळांनीं कोंडलीं, तेव्हां लष्करी विमानांतून गवताच्या पेंढ्या खालीं टाकल्या.

आपल्या देशांतहि हें घडतें. सिक्कीमच्या उत्तर टोंकास मुगुथांग म्हणून दरी आहे व तेथील गुराखी याक पाळितात. सन २०१८ च्या डिसेंबरापासून तेथें बर्फ पडत राहिलें, रस्ते बंद झाले, गवत गाडलें गेलें, आणि मे २०१९ पर्यंत सुमारें ३०० याक उपासानें मेले. ज्याचा सारा संसार त्या जनावरांवर त्या गुराख्याची दुभतीं व ओझ्याचीं जनावरें एकाच हिंवाळ्यांत गेलीं. मॅकब्राइडच्या लोकांपाशीं गाड्या होत्या, जुनी सडक होती, गवताचा सांठा होता. नुसती दया असून चालत नाहीं, वाटहि जवळ असावी लागते. हें आम्ही त्या गांवाची थोरवी कमी करण्यासाठीं म्हणत नाहीं.

आतां पाठाच्या वचनांकडे वळूं. मॅकब्राइडच्या घोड्यांची गोष्ट जेव्हां आम्ही एका मंडळींत सांगितली तेव्हां एका वडील बंधूनें उठून विचारिलें, "पाळकसाहेब, चूक त्या मालकाची. लोकांनीं आपलें काम सोडून त्याचे घोडे कां खणून काढावेत? तो फुकटांत सुटला." हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हे. त्या गांवांतहि पुष्कळांस मालकाचा राग आला होता, व पुढें जनावरांस क्लेश होऊं दिल्याबद्दल त्याच्यावर खटलाहि झाला. म्हणजे तो फुकटांत सुटला असेंहि म्हणतां येत नाहीं. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकतांना दिसल्यास परत नेऊन देण्याची, व आपला द्वेष करणाऱ्याचें गाढव ओझ्याखालीं पडलें असल्यास त्यास सोडून न जाण्याची आज्ञा आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत तीच गोष्ट भाऊबंदांच्या जनावरांविषयीं सांगितली आहे. गाढव कां पडलें, ओझें कोणीं जास्त लादलें, ह्याची चौकशी तेथें नाहीं. वाचकांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. निर्गमांतील ही आज्ञा ज्या जागीं आहे तिच्या वर खोट्या साक्षीचा व खालीं गरिबाच्या न्यायाचा विषय आहे. म्हणजे न्यायसभेच्या नियमांच्या अगदीं मध्यें हें गाढव पडलेलें आहे. न्याय थांबत नाहीं. पण न्यायाचा निकाल लागेपर्यंत गाढवहि तसेंच पडून राहूं नये, असा आम्ही त्या मांडणीचा अर्थ घेतों. कोणी निराळा घेतील.

त्या वडील बंधूस आम्हीं एवढें सांगितलें, आणि मग आमचीच एक गोष्ट सांगणें भाग पडलें, तीच येथें लिहितों. आमच्या सेवेच्या आरंभींच्या काळांत, उन्हाळ्याच्या अखेरीस, एका गांवच्या आटत्या तळ्याच्या गाळांत एक बैल पोटापर्यंत रुतला होता. पाणी पिण्यास गेला तो तसाच राहिला. सकाळपासून माणसें काठावर जमलीं. बैल कोणाचा, दावणीस कां बांधला नव्हता, गेल्या वर्षीं ह्याच मालकानें दुसऱ्याच्या शेतांत तो कसा सोडला होता, ह्याविषयीं पुष्कळ बोलणें झालें. मालकाचें पांच घरांशीं वांकडें होतें. त्यास परगांवीं निरोप धाडला. काठावर फळ्या टाकाव्या, पोटाखालून सोल घालावा, दहाजणांनीं ओढावें, हें सर्वांस कळत होतें व कोणी मोठ्यानें बोललेंहि. आम्ही तेथें दुपारपर्यंत उभे होतों, आणि मग सायंकाळच्या उपासनेची तयारी करावयाची म्हणून घरीं आलों.

बैल पहांटे मेला. मालक दुसऱ्या दिवशीं दुपारीं पोंचला. तो रागावला नाहीं. काठावर बसून त्यानें एवढेंच विचारिलें, "गांवांत एकाहि घरीं सोल नव्हता काय?" विहिरीचा नवा सोल आमच्याच ओसरींत टांगलेला होता.